माळ्याला पेलेल तेवढं

ती. भावजी,

त्या सकाळी पाणी भरून झालं होतं, चहाची भांडी विसळून पालथी घातली होती, आणि जुळ्यांची दुपटी वाळत घालायला दोरी कमी पडली म्हणून मी माळ्यावर चढले. (नमस्कार राहिलाच. गुडघ्यांमुळे बसल्या जागेवरून करते, तो वाकूनच केला असं समजावं. तुमचा खोकला कसा आहे? जाऊबाई काढा देतात की नुसत्या बोलतात?) तर दोरी हाताशी आली आणि पायाखालची फळी गेली. माझा उजवा पाय गुडघ्यापर्यंत खाली स्वयंपाकघरात पोचला, बाकीची मी वरच. सूनबाई खालून म्हणाली, "आई, तुम्ही वर आहात की खाली?" म्हटलं, "अर्धी अर्धी. तू दूध बघ, उतू जातंय."

मुलाने हे तुम्हाला फोनवर रंगवून सांगितलं, आणि तुमचं चार पानी पत्र आलं. जुळी झाली, घरात खोली कमी पडते, तर मी तुमच्या मागच्या खोलीत येऊन राहावं. माळ्यावर खोली काढायचं खूळ सोडावं. या वयात जिना शोभत नाही. भावजी, तुमची मागची खोली मी पाहिली आहे. तिला खिडकी आहे, पण ती भिंतीकडे उघडते. मी माझ्या घरातून हलणार नाही.

तुम्ही लिहिलंत की माळा पडेल. पडलाच असता, तेवढं तुमचं खरं. सुतार वर जाऊन आला आणि म्हणाला, "बाई, या तुळया छत धरायला टाकल्यात, माणूस धरायला नाही." मग मी वाचनालयातून घरबांधणीचं पुस्तक आणून तीनदा वाचलं. तुळईची ताकद तिच्या उंचीत असते, जाडीत नाही. (आपल्या घरातल्या पुरुषांचं उलट आहे, ते असो.) म्हणून प्रत्येक जुन्या तुळईशेजारी एक नवी, जास्त उंचीची तुळई लावून दोन्ही बोल्टने आवळायच्या ठरल्या. सुताराने आणि मी भिंतीपासून भिंतीपर्यंत माप घेतलं, तेही दोनदा. लाकूड अंगणात कापून तयार झालं. आणि मग आम्हा दोघांच्या लक्षात आलं, की आपला जिना मध्येच वळतो आणि तुळई काही वळत नाही.

सुतार तुळईवर बसून राहिला. मुलगा म्हणाला, "मधून कापा ना!" मी म्हटलं, "तुझ्या बापाला मधून कापलं असतं तर त्याने घर धरलं असतं का? तिची दोन्ही टोकं भिंतींवर टेकायला हवीत." शेवटी छपराची तीन ओळी कौलं उतरवली आणि तुळया वरून आत घेतल्या. अख्खी गल्ली काम सोडून बघायला उभी होती. एकाने तर घरून स्टूल आणलं.

हे दरवर्षी म्हणायचे, वर एक खोली काढू. मी दरवर्षी म्हणायचे, आधी न्हाणीघराची गळती बघा. गळती बघितली, खोली राहिली. ते गेल्याला तीन वर्षं झाली, तरी अजून मी सकाळी दोन कप काढते आणि एक परत ठेवते. रडू आता कमी येतं. कमी म्हणजे येत नाही असं नाही.

नव्या फळ्यांवर सुतार स्वतः उड्या मारून गेला. फळी करकरलीसुद्धा नाही. माझी खाट वर गेली, माझी पुस्तकं गेली, मीही गेले. जिन्यात दोनदा टेकते. जिना कुठे पळून जात नाही.

जाऊबाईंना नमस्कार.

तुमची भावजय

ता. क. ह्यांची आरामखुर्ची तुम्ही 'तात्पुरती' म्हणून नेलीत, तेव्हा मी हो म्हटलं. त्या दिवसांत मी कशालाही हो म्हणत होते. आता ती पाठवून द्यावी. हे पत्र तुम्ही बहुधा तिच्यातच बसून वाचत असाल. उठावं.

आणखी एक. एवढं लिहून झाल्यावर वाटलं, थोरल्या माणसाला हे फार झालं, फाडून टाकावं. घडी करून साखरेच्या डब्याखाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वर जाऊन खिडकीजवळची खुर्चीची जागा ओल्या फडक्याने पुसली, आणि खाली येऊन पाकिटाला तिकीट लावलं.