लाल दिवा किती वाजता लागला

१० सप्टेंबर, बुधवार
लिहायची वेळ आणली ती इंटरनेट कंपनीच्या तक्रार केंद्रातल्या मुलीने. आज पाचव्यांदा फोन केला तर म्हणते, "मॅडम, तुमची लाइन बंद होती असं आमच्याकडे दिसतच नाही." म्हणजे आम्ही लातुरात बसून यांना खोटं सांगतो. एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. ही भाषा मला ऐकवायची नाही. आजपासून वेळेसकट नोंद.
भिंतीवरच्या इंटरनेटच्या डब्याचा लाल दिवा लागला स. ११.१०. हिरवा झाला दु. ४.४०. मधे सूनबाईंच्या, सारिकाच्या, दोन मिटिंगा बुडाल्या. तिच्या पुण्याच्या साहेबाने स्पष्ट सांगितलंय: घरून काम जमत नसेल तर एक तारखेपासून पुण्यात येऊन बस. ती गेली की नात ओवीही जाणार, चार वर्षांची पोर आईशिवाय राहत नाही. मुलगा अमोल किल्लारीला कारखान्यावर, फक्त शनिवारी येतो. मग या घरात मी आणि भिंतींचा नवा रंग.

११, गुरुवार
लाल १०.५०. हिरवा ५.०५.
त. केंद्र: "मॅडम, डबा बंद करून चालू करा." केला. लालच. "परत करा." केला. लालच. "आता परत एकदा..." मी विचारलं, तिसऱ्यांदा केल्यावर काय निराळं होणार आहे? "आम्हाला तसंच सांगायला सांगितलंय, मॅडम." शी.

१२, शुक्रवार
लाल १०.४५. वायरमन बालाजीला अकराला बोलावलं, उगवला साडेपाचला. तोवर दिवा हिरवा.
"बगा मॅडम, झकास चालू हाय की."
"सकाळी का नाही आलात?"
"लई कंप्लेंटा हायत. पाऊस हाय न्हवं. पावसात लाइन जातीच."
पाऊस! आज दिवसभर डोकं तापवणारं ऊन होतं. त्याच्या तोंडात गुटखा. जिन्याच्या कोपऱ्यात थुंकायच्या बेतात होता. नळाकडे पाठवला. नवा रंग आहे म्हटलं, दसऱ्यासाठी दिलेला. "व्हय व्हय" म्हणाला आणि नळावर थुंकला, आता तो नळ कोण धुणार.

१३, शनिवार
सकाळपासून झड. दिवा दिवसभर हिरवा. आज पुण्याच्या कंपनीला सुट्टी. अर्थातच.
अमोल आला. "आई, तू कशाला डोकं लावतेस, दुसरी कंपनी घेऊ." दुसऱ्या दोन कंपन्यांना मीच फोन लावला. आमच्या गल्लीत एकाचीही लाइन नाही. अमोलने जेवायला ताट घेतलं.

१४, रविवार
पाऊस. हिरवा.

१५, सोमवार
ऊन. लाल १०.४०. सा.ची मोठी मिटिंग अकराला. मोबाइलवरचं नेट मोरीतच बरं येतं, म्हणून मोरीत उभी राहून बोलली. साहेबाने सगळ्यांसमोर विचारलं म्हणे, "हा पाण्याचा आवाज कसला?" विष्णुपुरीच्या कॉलेजातून पहिल्या वर्गात इंजिनियर झालेली मुलगी, बादलीशेजारी उभी राहून साहेबांना सॉरी म्हणते. 
रागात मी म्हटलं, तुझ्या लॅपटॉपचाच दोष असेल. ती शांतपणे म्हणाली, "आई, लाल दिवा लॅपटॉपला लागत नाही, भिंतीवरच्या डब्याला लागतो." बरोबर होतं. 
साहेबाने लेखी मागितलंय: कोणत्या दिवशी, किती ते किती, आणि कारण. रविवारपर्यंत.

१६, मंगळवार
पाऊस. दिवसभर हिरवा. ऊन पडलं की लाल, पाऊस आला की हिरवा. सगळे सांगतात त्याच्या बरोबर उलट. त. केंद्राला हे सांगितलं. मुलीने ऐकून घेतलं, मग वाचून दाखवल्यासारखं, "पावसामुळे सेवेत व्यत्यय येऊ शकतो, मॅडम." फोन ठेवून हात धुतले.
सा. ओवीच्या शाळेत फोनवर विचारत होती, दाखला किती दिवसांत मिळतो. दार लोटलेलं होतं, पण ऐकू आलं.
मला त्या दोघी जायला नको आहेत. हे तिला तोंडावर सांगणं मला जमणार नाही. इथे लिहिलं.

१७, बुधवार
मुक्तिसंग्राम दिन. जुन्या शाळेत झेंड्याला जाऊन आले. आल्यावर बघते तर लाल, वेळ १०.५५. कडक ऊन. चप्पल न काढता सरळ वायरीच्या मागे लागले. डब्यापासून मागची खिडकी, खिडकीतून भिंत, भिंतीवरून शेजारच्या शिवकांताबाईंच्या गच्चीवर. त्यांचा जिना चढले. गेल्या दिवाळीनंतर पहिल्यांदाच.
आमच्या वायरीवर सात वाकळा, जाडजूड गोधड्या. ओल्याचिंब. वायरीला मधोमध पोट आलेलं, बादली लटकावल्यासारखं. आठवी वाकळ शिवकांताबाईंच्या हातात.
"शरणार्थ, बाई." वाकळ हातात धरूनच नमस्कार. "आज वाट चुकलाव का?"
"हे काय चाललंय?"
"दसरा काढायलोय की, घरातलं समदं धुनं. घट बसायला चार दिस ऱ्हायले, आन् हा मेला पाऊस एक दिस आड यायला. ऊन पडलं की धरून धुवायच्या. सतरा वाकळा हायत आमच्यात."
"अहो, ही इंटरनेटची वायर आहे!"
"आं? मला वाटलं तुमीच दोरी बांधून दिली. तो वायरवाला आला, गच्चीवर चढला, बांधून गेला. मला कुनी इचारलं का? म्हनलं, बाईचा राग गेला वाटतं, वाकळा वाळवायला दोरी धाडली. लई बळकट हाय पर."
"नेट बंद पडतंय आमचं."
"मग? तुमच्या नेटापायी वल्या वाकळा घरात ठिवू? देवीला काय सांगू, बाईची मिटिंग हाय म्हनून?"
वाकळा दोघींनी मिळून काढल्या, कठड्यावर टाकल्या. त्यांनी कुरकुर केली, पण काढल्या. घरी आले तर दिवा हिरवा. ११.४०.
आता खरं ते लिहिते. ही वायर आधी पुढच्या दारावरून यायची. रंग दिल्यावर दारावर काळी रेघ नको म्हणून मीच बालाजीला सांगितलं, मागून घ्या. शिवकांताबाईंना विचारायला हवं होतं. पन्हाळीच्या पाण्यावरून बोलणं बंद होतं, म्हणून विचारलं नाही. ज्या आठवड्यात वायर मागे गेली त्याच आठवड्यात लाल दिवा सुरू झाला, आणि एकतीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईला ते दिसलं नाही. आठ दिवस मी तक्रार केंद्राची, बालाजीची, सा.च्या लॅपटॉपची लाज काढत होते.
सा.ला इतकंच सांगितलं: वायरीवर वाकळा होत्या. वायर तिथे कुणी नेली ते सांगितलं नाही. ती हसली. 

१८, गुरुवार
लाल ९.२०. वाकळा नसताना! बालाजीच्या दुकानात जाऊन बसले, तेव्हा कुठे साडेदहाला माझ्याबरोबर निघाला. गच्चीवर वायर बोटांनी चाचपली, मग घरात येऊन म्हणाला,
"मॅडम, आत काच असती केसावानी. वजनानं मोडली. नवी टाकावी लागंल. नांदेडहून येईल परवा."
"पुढच्या दारावरून टाका."
"रंगाला दोन भोकं पडतील."
"पडू द्या."
"न्हाई, तुमीच म्हनलं व्हतं मागून घ्या, म्हनून इचारलं."
सा. तेव्हा खोलीत होती, ऐकू जाईल इतक्या अंतरावर. दार लोटलेलं होतं.

१९, शुक्रवार
दिवसभर लाल-हिरवा, लाल-हिरवा. सा. मोरीत.
दु. ३ वा. कंपनीचा मेसेज: आपली तक्रार निकाली काढली आहे, ग्राहक समाधानी. कोण ग्राहक? मेसेज पुसला नाही. घाणीचा नमुना म्हणून ठेवला.

२०, शनिवार
बालाजी आला, नवी वायर आली. पुढच्या दारावरून, कमानीवर काळी रेघ, रंगाला तीन भोकं (दोन म्हणाला होता). हिरवा स. ११.३० पासून. टिकेल की नाही ते सोमवारी, अकराच्या मिटिंगला.
शिवकांताबाईंकडे नायलॉनची दोरी घेऊन गेले. त्यांनी ताणून बघितली. "ती बरी व्हती." तरी बांधून घेतली.

२१, रविवार. सर्वपित्री.
हिरवा.
सा. म्हणाली, "आई, वही देता का? फोटो काढून साहेबांना पाठवते. नाही तर एक तारखेचं नक्कीच समजा." मी म्हटलं, वेगळ्या कागदावर नीट तक्ता करून देते. बसले. तारीख, लाल, हिरवा, हे रकाने भरले. शेवटचा रकाना कारणाचा. त्यात 'पाऊस' लिहिलं असतं तर कुणी विचारलं नसतं. कंपनीही तेच सांगते. पेन उचललं, ठेवलं. कागद चुलीत घातला.
सुपूर्द केले: सारिकाला, दु. ४ वा., ही वही. लिहिलेली पानं अकरा, दि. १० ते २१. एकही पान फाडलेलं नाही, एकही ओळ खोडलेली नाही. साहेबांना कोणती पानं पाठवायची ते तिने वाचून ठरवावं.