नक्कल थांबते तेव्हा

४ जानेवारी
आजचाही प्रयोग फुकट. जिवाणूंचं खाणं तोडलं, तरी पठ्ठे डीएनएची नवी नक्कल सुरू करतच होते. नक्कल जिथून सुरू होते, त्या जागी आम्ही हिरवा ठिपका जोडलाय. सूक्ष्मदर्शकाखाली ठिपके वाढले की समजायचं, नवी नक्कल सुरू झाली. उपाशीपोटी ते वाढायला नकोत. वाढले!

माझ्या मार्गदर्शक बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "तुझ्या जिवाणूंना कुणीतरी चोरून खायला घालतंय," म्हणाल्या.

संध्याकाळी ताईला फोन केला. माझी चिमी झोपली होती म्हणे. इतक्या लवकर?

९ जानेवारी
चोर मीच निघाले. पेशी नीट धुतल्या जात नव्हत्या, जुन्या पोषक द्रावणाचा अंश मागे राहत होता. आता पुन्हा पहिल्यापासून.

१६ जानेवारी
बुटांच्या दुकानात गेले होते. चिमीचा नंबर विचारला, सांगता येईना. "चार वर्षांची आहे," एवढंच म्हटलं. दुकानदार म्हणाला, "मग पाय घेऊन या की." हसले, बाहेर आले, आणि रस्ता ओलांडायचं विसरून तिथेच उभी राहिले.

तिचे बाबा गेले तेव्हा ती वर्षाचीही नव्हती. हातात नुकती मिळालेली, घरापासून इतक्या दूरची ही संशोधनाची जागा, अंगावर तान्हं मूल. ताई म्हणाली होती, "तू जा. मी आहे ना." ताईला मूलबाळ नाही. चिमीला तिनं उचललं, ते मी निघेपर्यंत खाली ठेवलं नाही.

मागच्या वर्षी ताईकडे चार दिवस जाऊन आले. चिमी आधी लाजली, मग निघताना माझी ओढणी सोडेना.

२८ जानेवारी
जमलं! स्वच्छ धुतलेल्या, खरोखर उपाशी पेशी. ठिपके होते तेवढेच राहिले.

भूक लागली की पेशीत इशाऱ्याचा एक छोटासा रेणू झपाट्यानं साचतो. तो साचला की नवी नक्कल सुरू होत नाही. आधीच सुरू झालेली असते ती मात्र पेशी शेवटपर्यंत नेते, अर्ध्यात टाकत नाही.

शेवटचे तीन शब्द खोडले, मग पुन्हा लिहिले.

५ फेब्रुवारी
इशारा तयार न करू शकणाऱ्या जिवाणूंवर तोच प्रयोग. ते भुकेतही नव्या नकला सुरू करत राहिले. म्हणजे थांबवतो तो इशाराच. बाईंनी चहा मागवला. त्यांच्या लेखी ही शाबासकी.

फोनवर चिमी मागे गात होती. "दे ना तिला," म्हटलं. ताई म्हणाली, "खेळात आहे गं. आत्ता नाही यायची."

११ फेब्रुवारी
आज उपाशी पेशींना खाणं परत दिलं. लगेच काही झालं नाही. मी डोळा लावून बसले होते. मग इशारा ओसरला असावा — एकेका पेशीत एका ठिपक्याचे दोन होऊ लागले. कितीतरी वेळ बघत राहिले. नाक ओढलेलं ऐकून शेजारच्या टेबलावरच्यानं विचारलं, "सर्दी?" हो म्हटलं.

१३ फेब्रुवारी
बाई म्हणाल्या, अजून दोन वर्षं थांब, काम मोठं होईल. मी म्हटलं, "थांबते. पण मुलीला इकडे आणते."
"आण की. इथली माणसं काय मुलं वाढवत नाहीत?"
इतकं सोपं होतं?

१४ फेब्रुवारी
ताईला सांगितलं. ती म्हणाली, "शाळेत रुळलीय आत्ताच." मी तारीख सांगितली. शेवटी, "ये."

खिडकीजवळ छोट्या पलंगापुरती जागा केली. आज झोप येईल असं वाटत नाही.

२ मार्च
ताईकडे पोचले. दार चिमीनंच उघडलं. किती उंच झालीय! मला ओळखलं, छान हसली, आणि आत वळून हाक मारली — "आई, मावशी आली गं."