पिवळ्या बिल्ल्यांच्या गाई

मलिंगार, १४ जानेवारी २०२६

चि. सौ. लता हीस आक्काचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तिळगूळ घे आणि गोड बोल. मला मात्र आज गोड बोलता यायचं नाही. लिहायला सून बसली आहे. स्वप्नालीला बजावलंय, माझा एक शब्द गाळलास तर उद्यापासून भाकऱ्या तू थापायच्या.

शेजारच्या नोराबाईच्या बारा गाई आहेत. कानांत पिवळे बिल्ले, त्यांवर आकडे. मला आकडे कुठले वाचायला! म्हणून मी सगळ्यांना नावं ठेवली. कपाळावर चांदणी, वैरणीला पुढे नि चालायला मागे, ती लता. रागावू नकोस. नोराबाईही तिला आता लताच म्हणते.

या गाई मांसासाठी असतात हे मला ठाऊक आहे. नोराबाई माझ्या देव्हाऱ्यात नाक खुपसत नाही, मी तिच्या ताटात डोकावत नाही. पण युरोपने ब्राझीलकडच्या देशांशी करार ठरवलाय, तिकडचं स्वस्त मांस येणार. नोराबाई म्हणते, आता गाई विकूनच टाकते. मेला राग आला मला. शनिवारी अथलोनला मोर्चा होता, मी तिच्या ट्रॅक्टरवर बसून गेले आणि विरोधाच्या कागदावर अंगठा दिला.

घरी गुरुनाथ तापला. त्याच्या कारखान्यात हृदयात बसवायच्या नळ्या होतात, सगळ्या परदेशी जातात. युरोपच्या टोकाचा हा एवढासा बेटावरचा देश दार लावून बसला तर खाईल काय, असं मलाच विचारतो! मी म्हटलं, दार उघडं ठेव बाबा, पण उंबऱ्यात शेजारीण तुडवली जातेय तिकडेही बघ. तेव्हापासून मायलेकांचा अबोला आहे.

म्हशींना माझा हात फिरव. लोभ पुरून उरेल इतका आहे.

तुझी आक्का


कागल, २ फेब्रुवारी २०२६

ती. आक्काच्या पायांवर लताचं डोकं.

सत्तरी उलटल्यावर तू मला खाटकाच्या वाटेवरच्या दावणीला बांधलंस! ह्यांना पत्र वाचून दाखवलं तर हसून ठसका लागला.

आता माझा राग ऐक. आपल्या देशाचाही युरोपशी करार झाला. दूधदुभतं वगळलंय असं पेपरात आलंय. आज वगळलं, उद्या आत घेतील. तुमच्या बेटावरचं पिवळंधमक लोणी इथे उतरलं तर माझ्या सहा म्हशींनी काय करायचं? डेअरीत निवेदन फिरलं, पहिली सही माझी. तुझ्या नोराबाईच्या लोण्याविरुद्ध, हो! आता सांग, तू कुणाच्या बाजूची?

गुरुनाथचं खरं आहे असं मी लिहिणार नाही, तो पत्र फ्रेम करून लावेल. त्याच्याशी बोल मात्र.

माया आटू देऊ नकोस.

तुझी लता


मलिंगार, २१ फेब्रुवारी २०२६

चि. सौ. लतास आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र स्वप्नालीने नोराबाईला इंग्रजीत सांगितलं. मला वाटलं, चिडेल. ती म्हणाली, लोणी तर मीही दुकानातूनच आणते, आणि बहिणीला कळव, करार करताना मलाही कुणी विचारलं नव्हतं.

मंगळवारी गुरांच्या बाजाराची गाडी आली. गुरुनाथ न सांगता गुरं चढवायची फळी धरायला गेला. एकेक बिल्ला वाचून अकरा चढवल्या. बारावी हटून बसली. नोराबाईने सवयीने नावाने हाक मारली, तशी ती निमूट चालत आली. फळीकडे नाही, बाईकडे. बाई तिच्या मानेवर हात ठेवून उभी राहिली आणि गाडीवाल्याला म्हणाली, तू जा.

अकराजणींनाही नावं होती गं. पण मी येता-जाता तुझंच घेत राहिले, बाकीची बाईच्या जिभेवर बसलीच नाहीत.

संध्याकाळी गुरुनाथ आपणहून बोलला. म्हणे, बारातल्या अकरा जातील असं करारात कुठे लिहिलं नव्हतं. मी म्हटलं, लिहिलं असेल, तुला वाचता येतं, तू वाचायचं होतंस.

मी कुणाच्या बाजूची विचारतेस? खाली अंगठा उठवलाय, तेवढा कापून तुमच्या निवेदनाला चिकटव. नोराबाईसमोर उठवलाय, शाईही तिचीच. तू तिच्या लोण्याविरुद्ध सही केलीस आणि तिने तुला विकलं नाही, एवढं ध्यानात असू दे.

लोभ दोन्ही गोठ्यांवर ठेव.

तुझी आक्का, तिचा अंगठा