तुळशीतली पूड कुठली

तंजावर, मंगळवार, संध्याकाळ

सुगंधीने आज कॉलेजच्या प्रयोगशाळेतून दोन कुप्या आणल्या. दोन्हींत फ्लेवोनची, म्हणजे वनस्पतींत असणाऱ्या रंगद्रव्याची, पिवळी पूड. एक तुळशीच्या पानांतून काढलेली, दुसरी तिने रसायनं जुळवून केलेली.

"अम्मा, तुळशीतली कुठली? सभेत गर्जतेस ना, माणसाने केलेलं ते निर्जीव!"

मी जिच्यावर बोट ठेवलं ती तिने केलेलीच निघाली.

"दिसायला सारखी असेल," मी चिडले.

"दोन्ही मिसळून तापवल्या. पदार्थ वेगळे असते तर मिश्रण लवकर वितळलं असतं. तसं झालं नाही. उद्या तिरुवैयारुला तुझ्या सभेला येते हं, पहिल्या रांगेत बसेन."

मी उद्याच्या भाषणाचा कागद पुढे ओढला. शेतात विष ओतण्याविरुद्ध मी बोलतच राहणार. पण त्यासाठी लेकीच्या कामाला खोटं ठरवायचं? तेही मी, जी सगळ्यांकडे पुरावा मागते?

'निर्जीव'चं वाक्य भाषणातून काढलं. टाळ्या नेमक्या त्यालाच पडतात. पण नुसतं गाळणं म्हणजे पळणंच की. तिने केलेल्या पुडीची कुपी हातात घेऊन सांगावं, मी चुकीचं बोलत होते. सभा गप्प बसेल.

बसू दे. पहिल्या रांगेकडे बघून बोलेन.