रोमन घरात मी गुलाम होतो

गेर्लिंगेन, सोमवार, ३ मार्च

परदेशात मुलं वाढवणाऱ्या माझ्या मराठी बापांनो! (खोलीत कोणी नाही. पण समोर सभा असल्याशिवाय मला रोजनिशीसुद्धा लिहिता येत नाही.) आपण मराठीत विचारतो आणि मुलं जर्मनमध्ये उत्तर देतात. हा अपमान आपण किती काळ गिळायचा?

काल साताऱ्याला आईला व्हिडिओ कॉल केला. ओजस आला, हात हलवला, गेला. नऊ वर्षांचा घोडा! आई म्हणाली, राहू दे रे उल्हास, त्याला छळू नकोस, मी नुसती बघते त्याला.

नुसती बघते!

संकल्प: येत्या रविवारी ओजस आजीशी मराठीत बोलेल. जबाबदारी माझी.

मंगळवार, ४ मार्च

मार्ग सापडला. शाळेत त्याला सध्या रोमन लोक शिकवतायत. शनिवारी रोमन म्युझियमला न्यायचं आणि सगळं मी मराठीत समजावायचं. गोडी लागली की भाषा आपोआप येते. बायको मालविका म्हणाली, तिथे गाइड असते. मी म्हटलं, गाइड माहिती देईल, मी दृष्टी देईन. ती म्हणाली, आधी त्याला डबा दे, शाळेला उशीर होतोय.

गुरुवार, ६ मार्च

लंच ब्रेकमध्ये रोमन कुटुंबावर वाचन. घरात बाप सर्वेसर्वा! त्याच्यापुढे कोणी ब्र काढत नसे. काय संस्कृती! भाषणाचे मुद्दे काढले. जेवताना प्रस्तावना करून पाहिली. ओजस 'या पापा, गेनाऊ' म्हणाला आणि खोलीत निघून गेला. हो, अगदी बरोबर, असा त्याचा अर्थ. म्हणजे तत्त्वतः सहमती आहे.

शनिवार, ८ मार्च, संध्याकाळ

खांदे भरून आलेत.

जुन्या पायावर नव्याने उभारलेलं रोमन घर. कुटुंबांसाठीची टूर. गाइडबाईंनी 'आल्झो', म्हणजे 'तर मग', म्हणत टोपली पुढे केली. चिठ्ठीत निघेल ती भूमिका. मालविका स्वयंपाकीण. (वा, म्हणजे मला आजही सुट्टी नाही, म्हणाली.) ओजस घराचा मालक. मी गुलाम.

बाप मी आहे, हे बाईंना समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, या घरात नाही. शिवाय नियम: मालकाने विचारल्याशिवाय गुलामाने बोलायचं नाही. हातात पाण्याचा घडा दिला. मुद्दे खिशातच राहिले.

आणि काय सांगू! बाकीच्या पोरांना कळू नये म्हणून मालक मराठीत हुकूम सोडू लागला. ए, इकडे ये. घडा नीट धर, सांडेल. मग हुकूम संपले तरी मराठी चालूच. बाबा, बघ, ही जमीन खालून गरम करायचे. तिकडे आग, इथून गरम हवा जातो. 'जाते' म्हणायला मी तोंड उघडलं, तर बाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

स्वयंपाकघरात दगडी जातं होतं. ओजस थबकला. हे आजीकडे आहे! मागच्या अंगणात! मी त्याच्यावर बसलो आणि ती ओरडली, मग तिने लाडू दिला. किती लहान होता तेव्हा! मी विसरून गेलो होतो.

परतताना एस-बान लोकलमध्ये म्हणाला, उद्या आजीला जात्याचं सांगतो. मी सांगतो, बाबा. घरी आल्यावर चित्र काढायला बसला.

निष्कर्ष: गुरुवारच्या प्रस्तावनेचा परिणाम. उशिरा का होईना, झाला.

रविवार, ९ मार्च, सकाळ

ओजस केस विंचरून, चित्र मांडीवर घेऊन सोफ्यावर बसलाय. न सांगता! प्रसंग मोठा आहे. दोन शब्द प्रास्ताविक हवंच. फक्त दोन.

दुपार

प्रास्ताविक उत्तम झालं. रोम, सातारा, मातृभाषा. ओघात जातं आलं. लाडूही आला. आई अधूनमधून म्हणत होती, हो का? ओजस कुठाय? मी म्हटलं, इथेच आहे, एक मिनिट. मग तिच्या जुन्या फोनचं चार्जिंग संपलं. पुन्हा लावला, लागला नाही.

ओजस म्हणाला, एगाल. म्हणजे, जाऊ दे. चित्र सोफ्यावर टाकून मित्राकडे खेळायला गेला.

मालविकाने चित्र उचलून ठेवलं.

संध्याकाळ

आईचा व्हॉइस मेसेज आलाय: तुझ्यामागे पोरगं हातात काय धरून बसलं होतं रे? मला दाखवत होतं का?

उत्तर बोलायला घेतलं. लांबलं. पुसून टाकलं.

ओजसला विचारलं, आजीला आत्ता सांगतोस का? तो जर्मनमध्ये म्हणाला, तू सांगितलंस की.

बापांनो, भाषण नाही. पुढच्या रविवारी फोन लागला की तो मुलाच्या हातात द्या आणि खोलीबाहेर जा. जाताना दार ओढून घ्या.