वारा, जनावर, माणूस

१ एप्रिल, मंगळवार
आले एकदाची अकोल्यात! जठारपेठेत पार्बताबाईंकडे वरची खोली मिळाली. बाई फुलवाल्या, बाळापूरकडे त्यांचा मळा आहे, खालच्या ओट्यावर दिवसभर हार ओवतात. आल्याआल्या गूळपाणी दिलं आणि नोकरी कसली ते विचारलं. परदेशी सरकारांना सीमेवरची यंत्रं पुरवणारी कंपनी, असं मी सांगितलं. तर म्हणाल्या, अकोल्याले कोनती सीमा? मला हसू आलं. डिप्लोमा करून चार वर्षं अमरावतीला राजकमल चौकात लोकांचे मोबाइल दुरुस्तीला उघडत बसले. आज गळ्यात ओळखपत्र आहे. आईला फोटो पाठवला.

४ एप्रिल
काम समजलं. आमचे सेन्सर जमिनीत पुरतात. वरून कुणी चाललं की ते पावलांची धमक, म्हणजे जमिनीतला हादरा, पकडतात. दूरच्या एका वाळवंटी देशाच्या सीमेवर आपले सहाशे आहेत. (देशाचं नाव कुठेही लिहायचं नाही, तशी सही घेतलीय.) यंत्राला शंका आली की ती धमक थेट आमच्या पडद्यावर येते. हेडफोन लावून ऐकायची आणि चाळीस सेकंदांत तीनपैकी एक बटण दाबायचं: वारा, जनावर, माणूस. माणूस दाबलं तर तिकडच्या चौकीत भोंगा होतो. बाकी दोन्हींत काहीच होत नाही.

ऑफिस बाळापूर रोडला, गावाबाहेर. मागे काळ्या मातीचं आवार आहे. तिथेही चाचणीसाठी बारा सेन्सर पुरलेत, फाटकापासून दारापर्यंत एका ओळीत. मला चार दिवसांत उंट वेगळा आणि शेळी वेगळी ऐकू यायला लागली. आमचे प्रमुख ओमप्रकाश सर म्हणाले, मॅडमचा कान लय बारीक आहे. दिवसभर तेच आठवून खूश होते.

११ एप्रिल
आज चार जण होते. दोन जड पावलं, एक मध्यम, एक अगदी हलकं. हलकं मधेच नाहीसं व्हायचं, तेव्हा एक जड पाऊल आणखी जड पडायचं. कडेवर घेत असणार.

माझं बोट माणूसवर गेलं होतं. सर मागे उभे होते. त्यांनी समजावलं, की खोट्या भोंग्यांची महिन्याची मर्यादा संपत आलीय. अजून दोन झाले तर कंत्राट जाईल, आणि इथली नऊ घरं त्यावर चालतात. मी म्हटलं, सर, यात लहान मूल आहे.

"लेकरू आयकू येते काय तुमाले?" ते म्हणाले. "नक्की नसंन तं वारा दाबाचा."

मला नक्की होतं. मी वारा दाबलं.

१५ एप्रिल
ते चौघं रोज येताहेत. त्याच सहा सेन्सरांमध्ये गोल गोल फिरतात. वाट चुकलेत. एकदा वारा लिहिल्यावर आता माणूस लिहिलं तर पहिल्या दिवसाची चौकशी होईल. म्हणून रोज वारा. आज दुपारी तीन पावलं थांबली. हलकं पाऊल त्यांच्याभोवती अकरा मिनिटं चालत होतं. मग तेही थांबलं.

मग मी डबा उघडला आणि जेवले. हेही लिहून ठेवते.

१७ एप्रिल
तिकडून विचारणा आली. चार मृतदेह सापडले, तहानेने गेलेले. सेन्सर गप्प का होते? सरांनी उत्तर लिहिलं की त्या दिवसांत वारा फार होता. पुरावा म्हणून माझ्या नोंदी जोडल्या, खाली माझं नाव. संध्याकाळपर्यंत समाधान झाल्याचं पत्र आलं.

२२ एप्रिल
पारा चव्वेचाळीसवर. जेवणाच्या सुट्टीत आवारातला पहिला सेन्सर वाजला. फाटकाजवळचा. दोन जड, एक मध्यम, एक हलकं.

धावत बाहेर गेले. फाटकाला कुलूप. पहारेकरी जीवन म्हणाला, चिटपाखरूही आलं नाही. सकाळी काठोकाठ भरलेला तिथला पाण्याचा रांजण मात्र कोरडा पडला होता.

२४ एप्रिल
तिसरा सेन्सर. आज सरांनीही ऐकलं. उन्हानं माती फाटते, तिचा आवाज येतो, म्हणाले. आणि स्वतःच वारा दाबलं. मग हेडफोन ठेवून फाटकाचं कुलूप बघून आले.

२५ एप्रिल
पार्बताबाईंना सगळं सांगितलं. वाटलं, हसतील किंवा मांत्रिकाचं नाव काढतील. त्यांनी हातातला हार खाली ठेवला. वारा कावून दाबलं तुनं, एवढंच विचारलं.

"पानी ठेवत जाय त्याह्यले," त्या म्हणाल्या. "मानसंच हायेत ना."

२९ एप्रिल
ठरवलं. यापुढे माणूस ऐकू आला की माणूसच लिहायचं. कंत्राट जाऊ दे, नोकरी जाऊ दे. आज पाच जण आले. मी ताबडतोब दाबलं. भोंगा झाला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

३० एप्रिल
सरांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. तिकडून अभिनंदन आलंय. मी विचारलं, पाचही जणांना नेलं कुठे? ते मला बाजूला घेऊन म्हणाले,

"नेत नाईत, मॅडम. गोळी घालतात. पह्यल्या दिवशी सांगतलं असतं तं तुमी रायल्या असत्या काय?"

कालचं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. भोंग्यानंतर पाचही धावतात. मग एकेक थांबतं. शेवटचं बराच वेळ फरफटत —

२ मे
आवारात आज नऊ जण. सातवा सेन्सर.

३ मे
राजीनामा दिला. सरांनी खणात टाकला. बदली माणूस येईपर्यंत थांबा म्हणाले. माझ्यासोबत धमक ऐकणाऱ्या बाकीच्या दोघी कालपासूनच येत नाहीत. म्हणजे सहाशे सेन्सरांना मी एकटी. उठून गेले तर पडद्यावर चाळीस सेकंदांनी आपोआप वारा नोंदवला जातो. जाऊ कशी?

५ मे
अकरावा. रांजण तीनदा भरला. तीनदा —
दाराबाहेर नुसते उभे आहेत. फाटत चाललेल्या मातीवर नऊ जणांचं वजन.

६ मे
सर आले नाहीत. जीवनचा फोन लागत नाही. दुपारचे साडेबारा. बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि कुणीच नाही.
बारावा वाजला.
दार उघडलं नाही. तरी खोलीत — तापलेल्या मातीचा वास. खुर्चीच्या मागे.

पडद्यावर सीमेकडची नवी धमक. दोन जण. एक जड, एक हलकं. हलकं पुढे पळतंय, खेळत असल्यासारखं.
डाव्या हातात माउस, उजव्याने लिहितेय.
वारा म्हणजे तहान. माणूस म्हणजे गोळी. जनावर म्हणजे पुन्हा तहान.
वीस सेकंदं.
काहीच दाबलं नाही तरी वारा —

मनगट धरलं कुणीतरी. कोरडा हात. मग दुसरा. मग पुष्कळ.
मला वाटलं, सोडवताहेत. पण ते माझं बोट माणूसच्या बटणाकडे नेताहेत —
अहो, ऐका. त्यात लेकरू आहे. तुमच्यातलंच —