मुळ्याची परतफेड

ती. चिझुकोताईस,

इसाओचा कमरेतून वाकून नमस्कार. (किती वाकायला हवं होतं, ते पत्र संपल्यावर तूच ठरव.) रीतीप्रमाणे आधी ऋतूबद्दल लिहायचं, तर इथे पर्सिमनची केशरी फळं पिकली आहेत आणि सकाळी दरीतून धुकं वर येतं. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला? माझी तब्येत लाज वाटावी इतकी चांगली आहे.

लाज अशासाठी, की रविवारी बाबांचं श्राद्ध आहे, पहिली उदबत्ती थोरल्या मुलाने लावायची, आणि तो थोरला मुलगा क्योतो सोडून अजून शिकोकू बेटाच्या डोंगरात, कुरुसुदानी नावाच्या गावात बसला आहे. मी विसरलो असं समजू नकोस. मी रोज निघतो. रोज सकाळी बॅग भरून दिवसातून एकदाच येणाऱ्या बसच्या थांब्यावर उभा राहतो, आणि रोज परत येतो.

तुला माहीतच आहे, मी पर्यटकांना कंटाळून घर सोडलं. आपल्या गल्लीत मी पायजम्यात दूध आत घेताना कुणीतरी माझा फोटो काढला, तेव्हा मी न्हाव्याच्या दुकानात गर्जना केली की जिथे चिटपाखरू फिरकत नाही अशा ठिकाणी जातो. (न्हावी म्हणाला, "जा, पण येताना काहीतरी आणा." तो जन्मभर हेच म्हणत आला आहे.) इथे उतरलो तर खरंच चिटपाखरू नाही. मी खूश. दुसऱ्या दिवशी कपडे वाळत घालताना कुंपणापाशी तीन आज्या उभ्या. "बघ गं, मोजे जोडीजोडीने लावतोय. शहरातला दिसतो." तेव्हा कळलं की या गावात बघण्यासारखं एकच स्थळ आहे आणि ते मी आहे. एकीने फोटो काढला. आपल्या दारावर तीन भाषांत 'फोटो काढू नये' अशी पाटी लावणारा मी, मोजा सरळ धरून हसलो.

त्यांच्यातल्या तोमे आजीने जाताना एक मुळा दिला. आता शहाण्या माणसाने काय करावं? मुळ्याच्या निम्म्या किमतीचं काहीतरी द्यावं आणि मोकळं व्हावं. आईने आपल्याला हेच शिकवलं. पण माझ्यातला क्योतोचा माणूस उफाळून आला, आणि मी वेळप्रसंगी कुणाला द्यायला म्हणून क्योतोहून आणलेला मिठाईचा अख्खा खोका, नावाजलेल्या दुकानाच्या कागदासकट, दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. तिचा चेहरा पडला. "अरे देवा, एका मुळ्याला एवढं? आता मला झोप कशी लागायची?"

झोप मलाही लागू दिली नाही. दुसऱ्या सकाळी श्राद्धासाठी निघालो, तर बस यायच्या जरा आधी ती वाळवलेल्या पर्सिमनची माळ आणि लोणच्याची बरणी घेऊन थांब्यावर हजर. घेऊन तसंच निघून जायचं? गावाने काय म्हटलं असतं? मी गळ्यातला मफलर दिला. (हो, तू विणलेला. रागावू नकोस, तिला तो फार शोभतो.) मग दोघं एकमेकांना वाकून नमस्कार करत राहिलो, आधी कोण थांबणार यावर अडलो, आणि बस गेली. मफलरच्या बदल्यात अंडी आली. अंड्यांच्या बदल्यात मी तिचं शेत खणून दिलं. (माझी कंबर बघितली असतीस तर तू श्राद्ध दोघांचं ठरवलं असतंस.) खणण्याच्या बदल्यात काल तिने माझ्या हातात एक किल्ली ठेवली. "माझ्या भावाचं घर रिकामं पडलंय. उंदीर राहतात, त्यापेक्षा तू राहा." आता तूच सांग, घराच्या निम्मं म्हणजे काय?

तेव्हा ताई, मला क्षमा कर. कळवण्यासारखं एवढंच.

तुझा, अजून वाकलेला,
इसाओ

ता. क. श्राद्ध इथे केलं तर? घर मोठं आहे, उंदीर मी काढतो. बाबांच्या नावाची पूजेची लाकडी पाटी देव्हाऱ्यातून उचलून मऊ कापडात गुंडाळ आणि मांडीवर घेऊन ये. शेवटी शेवटी खिडकी बंद करून बसायचे ते, बाहेरच्या गलक्याने. इथे त्यांना खिडकी उघडता येईल.

ता. क. २. पत्र पाकिटात घालणार होतो, पण राहवत नाही. आज बस आली आणि तोमे आजी आली नाही. बरोबरच आहे, घर देऊन तिची परतफेड झाली, आता पाळी माझी. बॅग हातात होती, रस्ता मोकळा होता, ड्रायव्हर म्हणाला, "आज तरी बसा काका." ती रोज जिथून येते त्या वळणाकडे मी बघत राहिलो. मला फार वाईट वाटलं, ताई. घरी माझी वाट बघायला दुधाच्या बाटलीशिवाय कोण आहे? बस जाऊ दिली.

ता. क. ३. आत्ताच तिच्या दारात जाऊन सांगून आलो की परतफेड रविवारच्या बसने येतेय, गुडघे दुखतात पण कोबीचं लोणचं फर्मास घालते. आजी म्हणाली, "बाई गं, हे तर घरापेक्षा जास्त झालं," आणि लगबगीने आत गेली. बहुधा काहीतरी शोधायला. तेव्हा येताना मोठी पिशवी आण.